संयुक्त मोटार

मोटार जुनी बरी की नवी, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "तुमच्या घरात ढकलायला माणसं किती?" लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण ज्याची मोटार परळच्या नाक्यावर भरदिवसा अडकून पडली आहे, तो माणूस मोटारीची थट्टा करत नाही. मी दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. जुनी माझी होती आणि नवी माझ्या साडूंची. इतकं पाहूनही माझं मत काही बनलेलं नाही. उलट जे थोडंफार होतं तेही एका भाऊबिजेच्या दिवशी गेलं.

आधी माझ्या गाडीबद्दल. फोर्टातल्या ज्या सॉलिसिटरच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो, तिथले गोरे साहेब विलायतेला कायमचे परत निघाले, तेव्हा त्यांनी डोळ्यांत पाणी आणून आपली मोटार मला भेट दिली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना इतकं मोकळं मोकळं का वाटत होतं, ते मला आठवड्याभरानं कळलं. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल गडबडीत त्यांच्या सामानाबरोबर बोटीवर चढलं होतं. मी पत्र लिहून विचारलं. उलट टपाली उत्तर आलं की, हँडल सुखरूप पोचलं, शेकोटीतले निखारे ढवळायला ते फार उपयोगी पडतं, आणि ते आठवणीनं दिल्याबद्दल साहेब माझे आभारी आहेत.

तेव्हापासून आमची गाडी धक्क्यावर सुरू व्हायला लागली. धक्क्याला सहा माणसं लागत. पाच माणसांनी ढकलली तर ती नुसती पुढं जाई, सहावा लागला की गुरगुरू लागे. गिरगावातल्या आमच्या चाळीत माणसांना तोटा नव्हता, पण प्रत्येक माणसाबरोबर एक सल्ला फुकट येई. शेजारचे बाबुराव तर धक्का एका हातानं देत आणि दुसरा हात सल्ल्यासाठी मोकळा ठेवत. "अहो रामदासराव, हे खरं लोखंड आहे," ते गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणत. "आत्ताच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे. जुनं ते सोनं!" थाप जोरात बसली की सोन्याचा एखादा स्क्रू खाली पडे, तो बाबुराव माझ्या हातात आणून देत.

गाडी नावावर करून घ्यायला मी सरकारी कचेरीत गेलो, तिथं वेगळीच पंचाईत. गाडीच्या नाकावरची कंपनीची पाटी कधीच झडून गेली होती आणि तिच्यातलं एकच इंग्रजी अक्षर एका खिळ्यावर लोंबत होतं. सरळ धरलं तर ते 'एम' होतं, लोंबत होतं तसं वाचलं तर 'डब्ल्यू'. एमच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, डब्ल्यूकडे जा. डब्ल्यूच्या खिडकीवरच्यानं गाडी खाली येऊन पाहिली, मान वाकडी केली आणि मला एमकडे पाठवलं. शेवटी दोघांनी संगनमतानं 'इतर' असं लिहून टाकलं. साहेबांची मोटार माझ्या नावावर येता येता इतरजनांत जमा झाली, हे मला लागलं. मी ते घरी सांगितलं नाही.

आता नवी. माझे साडू वसंतराव दादरला राहत. त्यांनी नव्या मोटारीसाठी नंबर लावला होता आणि तो लागेपर्यंत त्यांच्या थोरल्या मुलाला दाढी फुटली. पण लागला. काळीभोर, चकचकीत गाडी! आतल्या गाद्यांवरचे कारखान्याचे कागद त्यांनी काढले नव्हते, त्यामुळं आत बसलेला माणूस हलला की दिवाळीच्या मिठाईचा पुडा सोडल्यासारखा आवाज येई. मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी होती. म्हणजे नवं इंजिन मुरेपर्यंत गाडी हळू चालवायची. माझी वयामुळं पळत नसे आणि त्यांची नियमामुळं, त्यामुळं दोन्ही गाड्या एकाच वेगानं जात. पण त्यांच्या हळू चालण्याला मान होता. माझ्या हळू चालण्याला टांगेवाले हसत.

"रामदासराव, बटण दाबलं की सुरू," वसंतराव म्हणत. "चाळ गोळा करावी लागत नाही."

हा वाद आम्ही लालबागला सासूबाईंच्या घरी दर सणाला घालत असू. त्या वर्षी पाडव्याच्या फराळालाही तो रंगला. खाली माझी गाडी घरघरत उभी होती. बंद केली तर पुन्हा सहाजण कुठून आणू, म्हणून मी इंजिन चालूच ठेवी आणि बाबुरावांना आत बसवून ठेवी. त्यांना करंज्या खिडकीतून पोचवल्या जात.

"पुरे झाला," सासूबाई म्हणाल्या. "जुनी की नवी, ता उद्या कळतला. माका भाऊबिजेक माहीमाक जावचा आसा."

आम्ही वाद तिथंच सोडला, कारण माहीमला सीताराममामा राहत, आणि सासूबाई आपल्या या सख्ख्या भावाशी कित्येक वर्षं एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. कारण तसं गंभीर होतं. गावच्या घरामागं त्यांच्या वडिलांनी लावलेला फणस वादळात पडला. तो कडक गऱ्यांचा कापा होता की मऊ गऱ्यांचा बरका, यावरून भावाबहिणीचं वाजलं. मामा म्हणाले कापा, सासूबाई म्हणाल्या बरका. झाड तर पडलेलं, आता पुरावा कुठला? त्यानंतर मामा ओवाळून घ्यायला आले नाहीत आणि सासूबाई दर भाऊबिजेला ताट तयार करून, चंद्राला ओवाळून, मुकाट्यानं झाकून ठेवायच्या. या वर्षी मात्र मामांचा निरोप आला होता. 'पाय मोडलाय, नाहीतर मीच आलो असतो. ये.'

"पाय मोडीपर्यंत आठवण नाय जाली मेल्याक," असं म्हणून सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बीज दुपारी बारापर्यंतच आसा. त्याच्या आत माझ्या हातचा ओवाळणा झाला पाहिजे. म्हातारपण आसा जावईबापू, फुडच्या वर्षाचा कोणी सांगूचा?"

त्यांनी निवाडाही दिला. जाताना थोरल्या जावयाच्या नव्या गाडीतून, कारण वेळेवर पोचायला हवं. येताना धाकट्याच्या जुन्या गाडीतून, कारण येताना घाई नाही. निवाडा न्याय्य होता, पण त्यातलं दुसरं 'कारण' माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, आपली गाडीही मागोमाग न्यायची. वेळेवर कोण पोचतं ते दिसू दे. माझी बायको चंपा आणि मेहुणी शैला, दोघी मदतीला आदल्या रात्रीच मामांकडे गेल्या.

दिवस द्विभाषिक मुंबई राज्याचे होते. गिरणगावात रोज सभा, रोज घोषणा, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. भाऊबिजेच्या सकाळी कुणी मंत्री परळच्या बाजूनं जाणार अशी बोलवा होती आणि म्हणून त्या भागात जमावबंदी पुकारली होती. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. वसंतराव कोट आणि कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून चाकामागं बसले. मागच्या कागदी गादीवर मांडीवर ताट घेऊन सासूबाई. मागं माझी गाडी, शेजारी बाबुराव. मी वसंतरावांच्या अगदी पाठीला चिकटून चालवत होतो. ब्रेक लागायला वेळ लागतो म्हणून अंतर ठेवावं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण अंतर ठेवलं की मध्ये हातगाडी घुसते, थांबावं लागतं, आणि थांबलं की माझं इंजिन बंद पडतं. माणसानं किती गोष्टी सांभाळायच्या?

परळच्या नाक्यावर गल्ल्यांमधून माणसं बाहेर आली. त्यांच्या हातात काळे झेंडे होते. त्यांना समोर दिसली एक काळी, नवीकोरी, सावकाश येणारी मोटार, तिच्यात पांढरी टोपी, आणि मागं सोबतीची दुसरी मोटार. आणखी काय हवं?

"परत जा! परत जा!" एकच गर्जना झाली.

आता वसंतरावांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांना मोटार चालवायला नुकतीच येऊ लागली होती आणि दादरला गाडी लावताना नेहमी कुणी ना कुणी रस्त्यात उभं राहून त्यांना सांगे, 'येऊ द्या, येऊ द्या, आता मागं घ्या.' लोकांचं ऐकायची त्यांना सवय. इतके लोक एका सुरात परत जायला सांगताहेत म्हणजे पुढं रस्ता खणलेला असणार, असं समजून त्यांनी आज्ञाधारकपणे गाडी मागं घेतली.

मागं मी होतो.

आवाज काही फार मोठा झाला नाही. माझ्या गाडीचा पुढचा जाडजूड लोखंडी दांडा त्यांच्या मागच्या दांड्यावर चढला आणि आत रुतून बसला. त्यांच्या गाडीची पाठ चेपली. माझ्या गाडीला काही झालं नाही, फक्त तिचं नाक वर गेलं आणि मला समोर आभाळाखेरीज काही दिसेना. माझं इंजिन बंद पडलं. वसंतरावांनी घाबरून बटण दाबलं. बटण दाबलं की सुरू होणारी गाडी जितक्या वेळा बटण दाबाल तितक्या वेळा सुरू होत नाही, हे ज्ञान मला तिथं झालं.

झेंडेवाल्यांतला एक मिशाळ गडी खिडकीत डोकावला आणि दचकला. "आजी, तुमी मंत्र्याच्या गाडीत काय करताय?"

"मंत्री खंयचो? माझो थोरलो जावई तो," सासूबाई कडाडल्या. "माझी वात विझली, बघितलस? भाऊबिजेक निघाललंय मी."

झेंडे भराभर खाली आले. गर्दीला इतकं वाईट वाटलं की ती दुप्पट झाली. जो तो मदतीला पुढं आला आणि अर्थातच आधी मत द्यायला. "नव्या गाडीचा पत्रा बघा, पापडासारखा!" "अरे, पण जुनीनं धडक दिली ना? ब्रेक आहेत का तिला?" बाबुराव उतरून जुन्याच्या बाजूनं बोलू लागले. वसंतराव टोपी हातात घेऊन नुसते पाठीकडे बघत होते.

मी म्हणालो, "मंडळी, आधी या गाड्या वेगळ्या करायला हात लावा."

पुढं आलेले हात एकदम मागं गेले. मिशाळ गडी म्हणाला, "साहेब, काय बी सांगा, पण वेगळं करायला सांगू नका. आज परळात हे काम कुणी करायचं नाय."

"अहो, पण या मोटारी आहेत!"

"असू द्यात की. झाल्यात ना संयुक्त? मग आमच्या हातानं तोडायच्या?" त्यानं मागं वळून हात वर केला. "संयुक्त मोटार..."

"झालीच पाहिजे!" नाका दुमदुमला.

मी समजावून सांगितलं की ती आधीच झालेली आहे, हाच तर घोटाळा आहे. कोण ऐकतो? शेवटी असं ठरलं की दोन्ही गाड्या आहेत तशा जोडीनं माहीमपर्यंत ढकलत न्यायच्या. एवढ्यात शिट्टी वाजली. पिवळ्या टोपीचा एक हवालदार धावत आला.

"जमावबंदी आहे! पाच माणसं झाली की जमाव. चला, पांगा!"

आता मात्र माझ्यातला सॉलिसिटरचा हेडक्लार्क जागा झाला. मी कोट झटकला. "हवालदारसाहेब, चार माणसं चालतील ना? मग चार या गाडीला आणि चार त्या गाडीला. दोन गाड्या, दोन वेगळी कामं. चार आणि चार म्हणजे कायद्यानं आठ होत नाहीत."

हवालदारानं दोन्ही गाड्यांभोवती एक चक्कर मारली. "पण साहेब, गाड्या वेगळ्या कुठं आहेत? एकच आहे ही."

"म्हणून तर वेगळ्या करायला माणसं हवीत."

"वेगळ्या झाल्या की देतो माणसं."

"माणसांशिवाय वेगळ्या कशा होतील?"

"ते मला सांगू नका. वरात असली तर सूट आहे. नाहीतर प्रेतयात्रेला आहे. बोला, काय समजू?"

वसंतराव चेपलेल्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "प्रेतयात्रा."

मी घाईघाईनं वरात म्हणालो. त्यामुळं हवालदाराचा आम्हा दोघांवरचा विश्वास उडाला. ऊन चढत होतं, बीज सरत होती, आणि माझा सगळा कायदा त्या दोन दांड्यांमध्ये अडकून पडला होता. सासूबाई आतून ताट घेऊन उतरल्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. वाद घातला नसता आणि सरळ एखादी व्हिक्टोरिया घोडागाडी केली असती तर एव्हाना त्या पोचल्या असत्या, असं माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

त्या मात्र हवालदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "खंयचो रे तू?"

हवालदाराची मान खाली गेली. "कुडाळचो."

"नाव काय तुझा?"

"लवू."

"बहीण आसा?"

"गावाक आसा. रजा नाय गावली."

"म्हणजे आज तुका ओवाळूक कोण नाय. टोपी सारखी कर आणि उभो रव."

मिशाळ गड्यानं काडी ओढून वात पेटवली. भर नाक्यावर, काळ्या झेंड्यांच्या मधोमध सासूबाईंनी त्या हवालदाराला कुंकू लावलं, ओवाळलं. लवूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. त्यानं खिसे चाचपले. "आये, ओवाळणी काय घालू? शिट्टीशिवाय काय नाय गो."

"शिट्टी घेवन काय करू? आधी गाडीक धक्को दी. उरलेला मागीर बघू."

लवूनं शिट्टी खिशात टाकली, टोपी मागं सरकवली आणि माझ्या गाडीला खांदा लावला. पोलिसानंच खांदा लावल्यावर जमाव कोण मोजतो? माणसांनी आपापल्या चपला काढून धडाधड माझ्या मागच्या सीटवर टाकल्या, दार आपटलं, आणि "संयुक्त मोटार" म्हणून आरोळी उठली. आम्ही निघालो.

ती मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही, जरी मला तिच्यातलं आभाळच तेवढं दिसलं. पुढं छत्री उंच धरून बाबुराव घोषणा देत होते. परळची माणसं थकली की दादरची लागत होती. काही लोकांनी गाड्यांना हार घातले, ते कशासाठी हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. टिळक पुलाच्या चढावर सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. उतारावर मात्र माझी गाडी अचानक गुरगुरली, सुरू झाली आणि नव्या गाडीला ढुशा देत पळू लागली. वसंतरावांच्या हातात चाक आणि माझ्या हातात इंजिन, अशी ती मोटार माहीमच्या बाजारातून जात असताना मला पहिल्यांदा वाटलं, की खरंच, दोन्ही मिळून एक बरी गाडी होते.

मामांच्या दारात पोचलो तेव्हा समोरच्या दुकानातलं घड्याळ बारा वाजून गेल्याचं दाखवत होतं. मी धावत पुढच्या गाडीकडे गेलो. वसंतराव धावत मागच्या गाडीकडे आले. वाटेत आमची टक्कर झाली.

"आई कुठं आहेत?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीत! नाक्यावर त्या मागं गेल्या, मी पाहिलं."

"माझ्या गाडीत चपला आहेत!"

आम्ही दोघांनी दोन्ही गाड्या पाहिल्या. पुढच्या गादीवरचे कागद तेवढे हलत होते. माझ्या मागच्या सीटवर चपलांचा ढीग आणि एक काळा झेंडा. सासूबाई नव्हत्या. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या म्हातारीला आम्ही परळला विसरून आलो होतो. वसंतराव तिथंच फुटपाथवर बसले. चंपाला काय तोंड दाखवू? मामांना काय सांगू, की तुमच्या बहिणीखेरीज सगळं परळ घेऊन आलोय?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मामांचा आवाज आला, "कापा!"

त्याहून मोठा दुसरा आवाज आला, "बरको!"

आम्ही जिने चढून वर गेलो. मामा पलंगावर होते, पाय प्लास्टरात, कपाळावर कुंकू आणि वर अक्षता. शेजारी सासूबाई. दोघांच्याही डोळ्यांना धारा लागलेल्या आणि दोघंही एकमेकांवर बोट नाचवत कडाकडा भांडत होती. इतक्या वर्षांचं साचलेलं भांडण होतं, ते उरकायला एक दुपार पुरणार नव्हती.

"अहो, होतात कुठं तुम्ही?" चंपा म्हणाली. "आईला एकटीला बसनं पाठवलंत?"

"बसनं?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"त्या लवू हवालदारान बसवल्यान," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे ओरडत निघालात, मी आपली मागे रवलंय. तो धक्को सोडून माघारी इलो, त्यान मदी रस्त्यात हात दाखवून बस थांबवल्यान, कंडक्टराक तिकीट नको म्हणून सांगितल्यान. तो म्हणालो, आये, ही माझी ओवाळणी. वात विझूच्या आत हयसर हजर."

मामांनी डोळे पुसले, पलंगालगतच्या खिडकीतून खाली वाकून त्या हार घातलेल्या जोडमोटारीकडे पाहिलं आणि कौतुकानं आमच्याकडे वळले. "वा! दोन-दोन जावई, दोन-दोन मोटारी. काय हो, खरं सांगा, जुनी बरी की नवी?"

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी वसंतरावांकडे. दोघांनाही एकमेकांची कीव आली असावी. पण मान म्हणून काही असतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ते येतानाचं झालं. निवाड्याप्रमाणं परत जाताना माझ्या गाडीचा नंबर आहे. आई, केव्हा निघायचं?"

सासूबाईंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं, चकलीची बशी माझ्यापुढं सरकवली आणि चंपाला विचारलं,

"चंपे, लालबागाक शेवटची बस किती वाजता गो?"